सीडी रिप करायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांनी जमवलेल्या तीनेकशे सीडी घरात आहेत. बहुतेक शास्त्रीय गायन आणि नाट्यसंगीत, थोडी भावगीतं, काही कथाकथनाच्या, आणि एका डब्यात खाजगी मैफली भरून घेतलेल्या कोऱ्या सीडी. हे सगळं विंडोजच्या लॅपटॉपवर उतरवून घ्यायचं, म्हणजे रिप करायचं आहे. एक मित्र म्हणतो, विंडोज मीडिया प्लेअर पुरेसा आहे. दुसरा म्हणतो, पैसे देऊन सॉफ्टवेअर घे, क्वालिटी चांगली येते. कोणाचं ऐकावं? आणि ३२० केबीपीएसची एमपी३ चालेल का?

आधी सरळ उत्तर देतो. सेटिंग समजून घ्यायला एक संध्याकाळ देणार असाल तर ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ घ्या. सगळे त्याला ईएसी म्हणतात. घरगुती वापरासाठी ते फुकट आहे. सेटिंगमध्ये शिरायचं नसेल आणि तीनशे सीडी भराभर हातावेगळ्या करायच्या असतील, तर ‘डीबीपॉवरॲम्प’ विकत घ्या, पैसे वाया जाणार नाहीत. फाइल दोन्हीकडे फ्लॅक या, आवाजातलं काहीही न गमावणाऱ्या फॉरमॅटमध्ये ठेवा. फ्लॅकवरून एमपी३ केव्हाही बनवता येते. एमपी३वरून मूळ सीडीचा आवाज परत मिळत नाही.

तुमच्या दोन्ही मित्रांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे, की सॉफ्टवेअर बदललं की आवाज बदलतो. तसं नसतं. सीडीवर सेकंदाला ४४,१०० वेळा, डाव्या आणि उजव्या बाजूसाठी वेगवेगळा, १६ बिटांचा एकेक आकडा लिहिलेला असतो. हे आकडे जसेच्या तसे वाचले गेले की काम झालं. मग ते फुकटच्या सॉफ्टवेअरने वाचलेले असोत की विकतच्या, त्यातला आवाज शेवटच्या बिटापर्यंत सारखाच. सीडी स्वच्छ आणि ड्राइव्ह चांगला असेल तर मीडिया प्लेअरसुद्धा बऱ्याचदा बिनचूक वाचतो. फरक पडतो तो सीडी खराब असली की, आणि त्याहूनही जास्त म्हणजे काही चुकलं तर ते तुम्हाला कळतं की नाही, यात. तीनशे सीडी रिप केल्यावर सगळ्या पहिल्यापासून शेवटपर्यंत कोणी कान देऊन तपासत नाही. चार वर्षांनी एखाद्या द्रुत बंदिशीत मधेच ‘टक्’ असा आवाज येतो, आणि तोवर सीडी कोणाला तरी देऊन टाकलेली असते. म्हणून माझा निकष एकच आहे: रिप बरोबर झाल्याचा पुरावा जे सॉफ्टवेअर हातात देतं, ते घ्यावं.

पुराव्याची गरज का पडते हे जरा सविस्तर सांगतो, कारण एकदा हे कळलं की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात.

सोनी आणि फिलिप्स यांनी ऑडिओ सीडी बनवली ती घरच्या प्लेअरमध्ये वाजवण्यासाठी. १९८२ मध्ये ती जपानमध्ये बाजारात आली, तेव्हा संगणकाने ती वाचावी ही कल्पना त्या रचनेत नव्हती. त्यामुळे तिच्यावर ‘फाइल’ अशी गोष्टच नाही. सलग वाहणारा आवाज आहे, सेकंदाला ७५ सेक्टरमध्ये विभागलेला, एका सेक्टरमध्ये २,३५२ बाइट. डेटा सीडीवर तेवढ्याच सेक्टरमध्ये फक्त २,०४८ बाइट माहिती असते आणि उरलेली जागा बरीचशी चूक पकडून दुरुस्त करण्यासाठी राखलेली असते. ऑडिओ सीडीला हा जादा थर नाही. चूक सुधारण्याची पहिली पातळी तिच्यातही आहे आणि ती फार हुशारीने रचलेली आहे; लहानसहान ओरखडे ती सहज पचवते. पण ओरखडा तिच्या आवाक्याबाहेरचा असला, तर बरेच ड्राइव्ह आजूबाजूच्या आकड्यांवरून मधला आकडा अंदाजाने भरतात आणि पुढे जातात. हे रफू इतकं सफाईचं असतं की ऐकताना बहुतेक वेळा कळतही नाही. प्लेअरसाठी ही सोय उत्तमच होती. संगणकावर कायमची प्रत करताना मात्र तीच अडचण होते, कारण ड्राइव्ह अंदाजाने भरलेला आकडाही खऱ्या आकड्यासारखाच पुढे पाठवतो. मीडिया प्लेअर तो घेतो आणि ‘काम पूर्ण’ म्हणून मोकळा होतो.

ईएसीचा सिक्युअर मोड इथे वेगळा वागतो. तो प्रत्येक सेक्टर निदान दोनदा वाचतो. दोन्ही वाचनं जुळली नाहीत तर तोच सेक्टर १६ वेळा वाचून त्यातली किमान आठ वाचनं सारखी येतात का, ते पाहतो. तरीही जमलं नाही तर पुन्हा १६, असं करत अगदी वाईट स्थितीत एकेक सेक्टर ८२ वेळांपर्यंत वाचला जातो. तेवढ्यानेही निकाल लागला नाही, तर तो गप्प बसत नाही. कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला शंका आहे हे लॉगमध्ये लिहून ठेवतो. हा लॉग म्हणजे साधी मजकुराची फाइल. ती प्रत्येक सीडीच्या फोल्डरमध्ये राहू द्या, कधीही उडवू नका.

यात एक मेख आहे. बहुतेक ड्राइव्ह वाचलेला आवाज स्वतःच्या कॅशे मेमरीत थोडा वेळ धरून ठेवतात. दुसऱ्यांदा तोच सेक्टर मागितला की ड्राइव्ह डिस्ककडे न जाता स्मरणातलं पहिलंच वाचन परत देतो. दोन्ही वाचनं अर्थातच जुळतात आणि तपासणीला काही अर्थ उरत नाही. म्हणून ईएसीच्या ड्राइव्ह सेटिंगमध्ये ‘ड्राइव्ह ऑडिओ कॅशे करतो’ हा पर्याय चालू ठेवा. आपोआप ओळखण्याच्या चाचणीत ‘नाही’ असं आलं तरी मी तो चालूच ठेवायला सांगेन; वेळ थोडा जास्त लागतो, बाकी नुकसान काही नाही. त्याच पानावर ‘सी२’ नावाचा पर्याय दिसेल. चूक झाली की ड्राइव्हने स्वतः कबूल करावी, अशी ती सोय आहे. काही ड्राइव्ह ती प्रामाणिकपणे पाळतात, काही पाळत नाहीत. तुमच्या ड्राइव्हबद्दल खात्री नसेल तर सी२ बंद ठेवा.

आता पुराव्याचा दुसरा, जास्त भक्कम प्रकार. ‘ॲक्युरेटरिप’ नावाचा एक डेटाबेस आहे. जगभरातल्या लोकांनी आपापल्या सीडी रिप केल्यावर प्रत्येक ट्रॅकचा जो चेकसम आला, म्हणजे त्यातल्या सगळ्या आकड्यांवरून काढलेला एक छोटा ताळा, तो तिथे साठवलेला असतो. तुमच्या ट्रॅकचा चेकसम दुसऱ्या कोणाच्या, दुसऱ्या ड्राइव्हवर, दुसऱ्या प्रतीवरून आलेल्या चेकसमशी जुळला, तर दोघांचीही नेमकी एकाच जागी एकच चूक झाली असण्याची शक्यता जवळजवळ नाही. रिप बरोबर आहे, विषय संपला. ईएसी, डीबीपॉवरॲम्प, क्यूरिपर, मॅकवरचं एक्सएलडी, फूबार२०००, हे सगळे हा डेटाबेस वापरतात.

ही तुलना जमायला ड्राइव्हचा ऑफसेट बरोबर भरलेला असावा लागतो. प्रत्येक मॉडेल वाचनाला काही सॅम्पल, म्हणजे काही आकडे, आधी किंवा नंतर सुरुवात करतं. +६, +१०२, +६६७ असे त्याचे आकडे असतात. +६६७ म्हणजे सुमारे १५ मिलिसेकंद. ऐकताना याने काही बिघडत नाही, पण चेकसम मात्र पार बदलतो. हा आकडा सॉफ्टवेअर आपोआप शोधतं, पण त्यासाठी डेटाबेसमध्ये भरपूर वेळा नोंद झालेली एखादी सीडी आत घालावी लागते. फक्त मराठी सीडी असलेल्या घरात इथेच गाडं अडतं. उपाय दोन. कोणाकडून तरी जगभर खपलेल्या एखाद्या इंग्रजी अल्बमची मूळ सीडी तासाभरासाठी मागून आणा. नाहीतर ॲक्युरेटरिपच्या संकेतस्थळावरच्या ड्राइव्हच्या यादीत आपलं मॉडेल शोधून आकडा हाताने भरा. एकदा भरला की त्या ड्राइव्हपुरतं काम कायमचं झालं.

आणि मग आपल्या संग्रहातली खरी अडचण येते. तुमच्या सीडींपैकी बऱ्याच या डेटाबेसमध्ये सापडणार नाहीत. मोठ्या कंपन्यांनी काढलेलं शास्त्रीय संगीत अनेकदा सापडतं, कारण ते परदेशातल्या रसिकांनीही घेतलं होतं. पण छोट्या मराठी कंपन्यांच्या, मोजक्या प्रती निघालेल्या नाट्यगीतांच्या, कीर्तनाच्या, कथाकथनाच्या सीडी जगात आजवर कोणी रिप करून नोंदवलेल्याच नसतात. लॉगमध्ये ‘ट्रॅक डेटाबेसमध्ये नाही’ असं आलं, तर रिप बिघडली असं समजू नका. साक्षीदार मिळाला नाही, इतकाच त्याचा अर्थ. ‘पडताळणी झाली नाही’ हा मात्र वेगळा शेरा आहे. त्यात सीडी डेटाबेसमध्ये आहे, पण तुमचा चेकसम जुळत नाही. मग एकतर वाचनात चूक आहे, किंवा तुमची प्रत वेगळ्या छपाईतली आहे. सगळेच ट्रॅक जुळले नसतील तर बहुधा छपाई वेगळी. एखाददुसराच ट्रॅक जुळत नसेल तर ती सीडी पुसून पुन्हा लावा.

साक्षीदार नसेल तेव्हा आपणच साक्ष उभी करायची. ईएसीत ‘टेस्ट अँड कॉपी’ हा पर्याय आहे. तो प्रत्येक ट्रॅक एकदा नुसता वाचून चेकसम काढतो, मग दुसऱ्यांदा वाचून फाइल बनवतो, आणि दोन्ही चेकसम शेजारी शेजारी लिहितो. वेळ दुप्पट लागतो. डेटाबेसमध्ये नसलेल्या सीडीसाठी तो द्यावाच, असं माझं ठाम मत आहे. ज्या सीडी पुन्हा मिळणारच नाहीत त्यांच्यासाठी एक पायरी पुढे जा: दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हवर तीच सीडी पुन्हा वाचा आणि चेकसम ताडून बघा, अर्थात त्या ड्राइव्हचाही ऑफसेट भरलेला हवा. एकच ड्राइव्ह एका विशिष्ट ओरखड्यावर दर वेळी तीच चूक करू शकतो. दोन वेगळे ड्राइव्ह सहसा करत नाहीत.

‘क्यूटूल्स’ या फुकट संचातल्या क्यूरिपरचा उल्लेख वेगळा करतो, कारण तो फार कमी लोकांना माहीत आहे. ईएसीपेक्षा तो वापरायला सोपा आहे आणि ॲक्युरेटरिपबरोबर स्वतःचाही एक डेटाबेस वापरतो. त्या डेटाबेसची खुबी अशी की त्यात चेकसमसोबत दुरुस्तीपुरती माहितीही साठवलेली असते. तुमच्या सीडीवरचा बिघडलेला भाग थोडका असेल आणि तीच सीडी आधी कोणी तरी नीट रिप केलेली असेल, तर तो भाग बिनचूक भरून काढता येतो. छपाई वेगळी असल्याने ऑफसेट सरकला असेल तर तेही त्याला कळतं. मी सहसा रिप ईएसीने करायला सांगतो, आणि अडलेल्या सीडी क्यूटूल्समधून तपासायला.

डीबीपॉवरॲम्पचे पैसे कशाचे, तर वेग आणि माहिती यांचे. पहिल्याच वाचनात ट्रॅक ॲक्युरेटरिपशी जुळला तर ते दुसरं वाचन करत नाही, त्यामुळे स्वच्छ सीडी काही मिनिटांत बाहेर पडते. गाण्यांची नावं आणि मुखपृष्ठं ते एकाच वेळी अनेक ठिकाणांहून आणून ताडून बघतं. काही दिवस फुकट वापरता येतं, तेव्हा घरातल्या दहा-बारा सीडींवर आधी करून बघा. ज्यांच्याकडे इंग्रजी किंवा हिंदी चित्रपटसंगीताचा मोठा संग्रह आहे त्यांना मी हेच सुचवतो. मराठी संग्रहात त्या वेगाचा फायदा कमी मिळतो, कारण ना साक्षीदार सापडतो ना नावं.

मॅक वापरणारं कोणी हे वाचत असेल तर एक्सएलडी, फुकट आणि भरवशाचं. लिनक्सवर ‘व्हिपर’, आज्ञा टाइप करून चालवावं लागतं, पण लॉग ईएसीच्या तोडीचा देतं. ॲपलच्या म्युझिक ॲपमध्ये चूक सुधारण्याचा एक पर्याय आहे, तो चालू केल्याने वाचन काळजीपूर्वक होतं, पण पुरावा तिथेही मिळत नाही. विंडोज मीडिया प्लेअर वापरायचाच असेल तर आधी फॉरमॅट कोणता निवडलेला आहे ते पाहा. जुन्या आवृत्त्यांत आपोआप डब्ल्यूएमए हा मायक्रोसॉफ्टचा फॉरमॅट होई, आणि ‘कॉपी प्रोटेक्ट’ची खूण राहून गेली तर संगणक बदलल्यावर आपल्याच फाइल उघडेनाशा व्हायच्या.

ड्राइव्हबद्दल. आजच्या लॅपटॉपला तो नसतोच, म्हणून लोक बाजारातला पातळ यूएसबी ड्राइव्ह आणतात. स्वच्छ सीडींसाठी तो चालतो. पण घरात किंवा ओळखीत जुना डेस्कटॉप पडून असेल तर त्यातला पूर्ण आकाराचा डीव्हीडी ड्राइव्ह काढून घ्या आणि वेगळा वीजपुरवठा असलेल्या साटा-यूएसबी ॲडॅप्टरने जोडा. ओरखडे असलेल्या सीडीवर तो सहसा सरस ठरतो. पातळ ड्राइव्ह वापरत असाल तर हबला न जोडता थेट लॅपटॉपला जोडा, कारण वीज कमी पडली की वाचन अडखळतं. सॉफ्टवेअर कोणतं हा प्रश्न लोक खूप चघळतात. दोन भिन्न ड्राइव्ह जवळ असणं हे त्यापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

आता तो कोऱ्या सीडींचा डबा. माझी विनंती आहे की काम तिथून सुरू करा. कारखान्यात छापलेल्या सीडीत खाचा प्लास्टिकमध्ये दाबलेल्या असतात आणि त्यावर ॲल्युमिनियमचा थर असतो. घरी भरलेल्या सीडीत त्याऐवजी रंगद्रव्याचा थर असतो, आणि ऊन, उष्णता, दमट हवा यांनी तो हळूहळू बिघडतो. कोकणात किंवा मुंबईत वीस पावसाळे काढलेली अशी सीडी आज वाचली जाते म्हणून पुढच्या वर्षी वाचली जाईल असं धरून चालू नका. बाजारातली सीडी बिघडली तर दुसरी प्रत कुठेतरी सापडेल. खाजगी मैफलीची तेवढी एकच असते.

या सीडींच्या काही खोडी आधीच सांगून ठेवतो. त्यांना ॲक्युरेटरिपमध्ये साक्षीदार नसणारच, तेव्हा टेस्ट अँड कॉपी. प्रत्येक ट्रॅकच्या अगदी शेवटी चूक दाखवत असेल तर घाबरू नका. ट्रॅक एकेक करून भरलेले असले की जोडावर असे निकामी सेक्टर राहतात आणि गाण्याला धक्का लागलेला नसतो. एखादी सीडी ड्राइव्हला रिकामी वाटली तर ती भरल्यावर ‘फायनलाइझ’ करायची राहिली असेल. सीडी लिहू शकणाऱ्या दुसऱ्या ड्राइव्हमध्ये ती अनेकदा उघडते. आणि रिप झाल्यावर ‘स्पेक’सारख्या फुकट साधनाने स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजात कोणत्या कंपनसंख्या आहेत त्याचं चित्र, बघा. १६ किलोहर्ट्झच्या वर सुरीने कापल्यासारखं सगळं एकदम थांबलेलं दिसलं, तर सीडी बहुधा कमी दर्जाच्या एमपी३वरून भरलेली आहे, आणि मूळ ध्वनिमुद्रण कोणाकडे आहे ते शोधणं जास्त मोलाचं ठरेल. कॅसेटवरून उतरवलेल्या मैफलीतही वरचे स्वर नसतात, पण तिथे ते हळूहळू विरत जातात आणि खरखर मागे दिसत राहते. दोन्हीत गल्लत करू नका. या मैफली घरगुती विश्वासावर ध्वनिमुद्रित झालेल्या असतात. त्या स्वतःपुरत्या जपणं वेगळं, आणि कलाकाराला किंवा त्याच्या कुटुंबाला न विचारता सगळीकडे पाठवणं वेगळं.

संग्रहात ‘५० सदाबहार गाणी’ छापाच्या एमपी३ सीडीही असतील. त्या डेटा सीडी आहेत. त्यांना रिप करायचं नसतं. फाइल सरळ कॉपी करून घ्यायच्या.

फॉरमॅटवर फार शब्द खर्च करत नाही. फ्लॅक म्हणजे आवाजाचा एकही बिट न गमावता आकार कमी करणारा फॉरमॅट. २००१ पासून तो स्थिर आहे, खुला आहे, आणि २०२४ मध्ये इंटरनेटच्या मानकांतही त्याची अधिकृत नोंद झाली. मूळ आवाजाचा एमडी५ चेकसम फाइलच्या आतच असतो, त्यामुळे दहा वर्षांनी फाइल शाबूत आहे का हे मूळ सीडी नसतानाही तपासता येतं. पुराव्याचीच गोष्ट झाली ती. ७४ मिनिटांच्या सीडीचा कच्चा आवाज सुमारे ७८० एमबी होतो, फ्लॅकमध्ये तो साधारण निम्म्यावर येतो. जुनी एकवाहिनी ध्वनिमुद्रणं, ज्यांच्या डाव्या-उजव्या बाजू तंतोतंत सारख्या असतात, आणखीच लहान होतात. तुमच्या तीनशे सीडी १०० ते १५० जीबीत मावतील. घरात सगळी ॲपलचीच उपकरणं असतील तर अलॅक हा ॲपलचा तसाच फॉरमॅट वापरा, आवाज तोच.

एमपी३ फोनसाठी, गाडीसाठी खुशाल बनवा, ३२० केबीपीएसची ऐकायला छान असते. पण आपल्या संगीतात तिची एक खास अडचण आहे. ख्यालाच्या सीडीवर विलंबित आणि द्रुत अनेकदा दोन वेगळे ट्रॅक असतात, पण तानपुरा मधे थांबलेला नसतो. एमपी३ ठरावीक आकाराच्या तुकड्यांत बनते, म्हणून ट्रॅकच्या टोकांना थोडी शांतता चिकटते. ती काढून टाकणारा प्लेअर नसेल तर विलंबित संपून द्रुत सुरू होताना तानपुरा तुटतो. चालू मैफलीत टाळ्यांच्या मधोमध असाच खड्डा पडतो. फ्लॅकमध्ये जोड अखंड राहतो. याच कारणासाठी ईएसीतला ‘सुरुवातीची आणि शेवटची शांतता काढून टाका’ हा पर्याय बंदच हवा, आणि आवाजाची पातळी सारखी करणारा ‘नॉर्मलाइझ’ही बंद. तो चालू राहिला तर मूळ आकडेच बदलतात. आवाज कमी-जास्त वाटत असेल तर रिप्लेगेन वापरा. ते फाइलमध्ये फक्त टीप लिहितं, आवाजाला हात लावत नाही.

नावं आणि टॅग, म्हणजे फाइलच्या आत लिहिलेली गाण्याची माहिती, यांत मात्र रिपपेक्षा जास्त वेळ जाणार आहे, आणि तो जाऊ द्या. सॉफ्टवेअर सीडी ओळखतं ते ट्रॅकच्या सुरुवातीच्या जागांवरून. सीडीवर नावं सहसा नसतातच. एका सीडीवर पंधरा गाणी असतील तर त्या जागांचा नमुना बहुतेक एकमेव असतो. एकच तासाभराचा राग किंवा दोनच ट्रॅक असतील, तर भलत्याच कोणाची सीडी समोर येऊ शकते. आलेली नावं डोळे मिटून स्वीकारू नका. एकाच गायिकेचं नाव तीन स्पेलिंगांनी, कधी ‘पंडित’सह कधी शिवाय, कधी आडनाव आधी, असं येतं आणि तुमच्या यादीत एकाच कलाकाराचे चार कलाकार होतात.

माझी पद्धत सांगतो. मुख्य कलाकाराच्या रकान्यात उपाधीशिवाय नाव. राग, ताल, तबला, संवादिनी यांचे स्वतंत्र टॅग. फ्लॅकमध्ये हवे तितके नवे टॅग बनवता येतात, ‘एमपी३टॅग’ किंवा फूबार२०००मधून हे एका वेळी शंभर फाइलवर करता येतं. नाट्यगीतांना गायक, संगीतकार, नाटककार आणि नाटकाचं नाव असे चार वेगळे रकाने द्या. ‘मानापमान’ १९११चं, पदं खाडिलकरांची, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, आणि सीडीवर गाणारा आवाज तिसऱ्याच पिढीतला. हे सगळं ‘आर्टिस्ट’ या एका रकान्यात कोंबलं तर पुढे काहीच शोधता येत नाही. टॅग देवनागरीत ठेवा, फाइलची नावं साध्या रोमनमध्ये, कारण बऱ्याच गाड्यांच्या स्टिरिओवर देवनागरीचे चौकोन दिसतात. देवनागरीत लिहिताना एक जपा: ‘ॲ’ हे अक्षर एका कळीने टाइप केलं आणि दुसऱ्यांदा ‘अ’ला वेगळा चंद्र दिला, तर दोन्ही दिसायला सारखे दिसतील, पण शोधताना संगणक त्यांना निराळे धरेल. एकच कीबोर्ड शेवटपर्यंत वापरा.

सीडीतली पुस्तिका ३०० डीपीआयवर स्कॅन करून त्याच फोल्डरमध्ये ठेवा. साथीदारांची नावं, मैफलीचं ठिकाण, तारीख हे पुष्कळदा फक्त तिथेच छापलेलं असतं.

१९८०च्या दशकातल्या सीडी, विशेषतः जपानमध्ये छापलेल्या, संग्रहात असतील तर त्यांतल्या काहींमध्ये ‘प्रीएम्फसिस’ असतो. म्हणजे वरचे स्वर मुद्दाम उंचावून लिहिलेले आणि प्लेअरने वाजवताना ते खाली आणायचे, अशी व्यवस्था. रिप केल्यावर अशी सीडी चिरकी वाटते. ईएसीने बनवलेल्या क्यू फाइलमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या जागा नोंदवणाऱ्या फाइलमध्ये, त्याची खूण येते. मूळ रिप तशीच ठेवा आणि ऐकण्यासाठी ‘सॉक्स’ या साधनाने दुरुस्त केलेली दुसरी प्रत बनवा.

सीडी पुसायची ती मधून कडेकडे, सरळ रेषेत, मऊ कापडाने. गोल गोल फिरवून पुसू नका, कारण वाचनाच्या दिशेने पडलेला ओरखडा सर्वांत जास्त त्रास देतो. बुरशी असेल तर कोमट पाणी आणि भांडी घासायच्या द्रव साबणाचा एक थेंब. छापील बाजू जास्त जपा. चमकत्या बाजूला १.२ मिलिमीटर प्लास्टिकचं संरक्षण असतं. छापील बाजूला आवाजाचा थर आणि बाहेरची हवा यांच्यामध्ये लाखेचा पातळ पापुद्राच असतो. तिथला ओरखडा आरपार गेला की कुठल्याच सॉफ्टवेअरचा इलाज चालत नाही. टूथपेस्टने घासायचा सल्ला कोणी दिला तर तो शेवटचा उपाय समजा, आणि एकमेव प्रतीवर करू नका.

काही सीडी अडतीलच. त्यांचा वेगळा गठ्ठा करा, रोजच्या कामात त्यांच्यापाशी थांबू नका. सगळं उरकल्यावर त्या गठ्ठ्याला दुसरा ड्राइव्ह, कमी वेग, मग क्यूटूल्सचा डेटाबेस, या क्रमाने वेळ द्या. त्यानंतरही एखादा ट्रॅक राहिलाच, तर तो तसाच ठेवून घ्या, आणि लॉगमधली शंकेची जागा त्याच्या टिपेच्या रकान्यात लिहा, ‘२ मिनिटं १४ सेकंदांवर दोष’ अशी. तीच सीडी दुसऱ्या कोणाकडे सापडली, तर नेमका कुठला ट्रॅक हवा आहे ते तुम्हाला माहीत असेल.